जुनी जपानी डिजिटल घड्याळं: जमवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहतो. जुनी जपानी डिजिटल घड्याळं जमवतो, उघडतो, साफ करतो आणि जमलं तर परत चालू करतो. ओळखीपाळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारतात, आणि बहुतेकदा घड्याळ विकत घेऊन झाल्यावर विचारतात. ते घेण्याआधी वाचता यावेत म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत.

‘जुनं’ म्हणजे नेमकं किती जुनं?

माझी हद्द १९७३ ते साधारण १९९०. ऑक्टोबर १९७३ मध्ये सीकोने ०६एलसी बाजारात आणलं. तास, मिनिटं आणि सेकंद असे सहा आकडे एलसीडीवर सतत दाखवणारं ते जगातलं पहिलं घड्याळ. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७४ मध्ये, कॅसिओचं पहिलंवहिलं घड्याळ आलं, कॅसिओट्रॉन. महिना तिसाचा की एकतिसाचा हे त्याचं त्याला कळायचं, एक तारखेला बटणं दाबत बसावं लागायचं नाही. १९७५ मध्ये सीकोच्या ०६३४ मध्ये स्टॉपवॉचही आलं. पुढची पंधरा वर्षं जपानी कंपन्यांनी मनगटावर काय काय बसवून बघितलं त्याला तोड नाही. १९९० नंतरची घड्याळं वाईट नाहीत, पण माझं मन तिथे तितकं रमत नाही.

(जपानी उच्चार ‘सेइको’ असा आहे. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ‘सीको’ म्हणतात, मीही तेच लिहितो.)

पहिलं डिजिटल घड्याळ अमेरिकन होतं ना? मग जपानचंच एवढं कौतुक का?

हो, हॅमिल्टनचं पल्सार १९७२ मध्ये आलं आणि ते अमेरिकन होतं. त्यात लाल एलईडी आकडे होते. पण एलईडी सेल इतका खातं, की आकडे सतत पेटते ठेवणं परवडायचं नाही. वेळ बघायची तर दुसऱ्या हाताने बटण दाबायचं. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने लोकलचा दांडा धरलेल्या माणसाने वेळ कशी बघायची? एलसीडी स्वतः उजेड देत नाही, बाहेरचा उजेड फक्त अडवतं किंवा सोडतं. म्हणून त्याला नाममात्र वीज लागते आणि आकडे चोवीस तास समोर राहतात. जपान्यांनी हा रस्ता धरला आणि तोच टिकला.

त्यामागे दोन वेगवेगळ्या घराण्यांची कहाणी आहे. सीको हे घड्याळवाल्यांचं घराणं. नागानो प्रांतातल्या सुवा गावच्या त्यांच्या कारखान्याने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी क्वार्ट्झवर चालणारी वेळमापक यंत्रं केली, आणि २५ डिसेंबर १९६९ रोजी ॲस्ट्रॉन हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. ते काट्यांचं होतं, पण आतला स्फटिक हाताशी आला होता.

कॅसिओला घड्याळांचा अजिबात अनुभव नव्हता. काशिओ आडनावाच्या चार भावांची ही कॅल्क्युलेटरची कंपनी. १९५७ मध्ये त्यांनी रिलेवर, म्हणजे विजेने उघड-मीट होणाऱ्या स्विचांवर चालणारा, मेजाएवढा १४-ए कॅल्क्युलेटर केला होता. वेळ म्हणजे एकेक सेकंद मिळवत जाणं, आणि मिळवणी तर आपल्याला येतेच, हा त्यांचा विचार. मला तो अजूनही फार आवडतो, कारण घड्याळाच्या पोटात अक्षरशः तेच चालतं. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. या आकड्याची पंधरा वेळा निम्मी-निम्मी वाटणी केली की बरोबर एक उरतो. तो एक सेकंद. पुढे सगळी मोजणी.

सुरुवात कोणत्या घड्याळाने करावी?

ऐंशीच्या दशकातलं साधं कॅसिओ किंवा अल्बा घ्या. अल्बा हा सीकोचाच १९७९ मध्ये सुरू झालेला स्वस्तातला ब्रँड. साधं म्हणजे वेळ, तारीख, गजर, स्टॉपवॉच, बस. पहिल्याच खेपेला कॅल्क्युलेटरवालं घेऊ नका. त्याची बारीक बटणं बिघडलेली असली तर शिकण्याआधीच मन खट्टू होतं. आणि पहिलं घड्याळ चालूच घ्या. बंद घड्याळ स्वस्त मिळतं म्हणून मोह होतो, पण चालू घड्याळ कसं वागतं हे हाताला कळल्याशिवाय बंद घड्याळाचं निदान करता येत नाही.

कॅसिओ, सीको की सिटिझन?

तिघांचा पिंड वेगळा. सीकोचं त्या काळातलं डिजिटल म्हणजे दागिन्यासारखं काम: स्टीलची भरीव केस, घट्ट विणीचा पट्टा, आकड्यांची रेखीव ठेवण. हातात घेतल्यावर वजन जाणवतं. पण सुटे भाग मिळवताना दमछाक होते, कारण एकेका मॉडेलचं मॉड्यूल, म्हणजे केसच्या आत बसणारं यंत्र, वेगळं.

कॅसिओने उलट दिशा धरली. प्लास्टिकची केस, कमी किंमत, आणि दर वर्षी एखादी नवी करामत. १९८० मध्ये सी-८० आलं, बोटाने दाबता येतील अशा बटणांचा कॅल्क्युलेटर मनगटावर. १९८४ मध्ये सीडी-४० आलं, पहिलं डेटाबँक, दहा नावं आणि फोन नंबर लक्षात ठेवणारं. दहाच. पण चिठ्ठीवर नंबर लिहून पाकिटात ठेवण्याच्या त्या काळात दहा पुष्कळ होते.

सिटिझनकडे काटे आणि आकडे एकत्र असलेली फार देखणी घड्याळं आहेत. त्यांचं ॲना-डिजी टेम्प तापमानही दाखवतं, मात्र मनगटावर असताना तुमच्या अंगाची ऊब मिसळते. खरं तापमान हवं तर काढून टेबलावर ठेवावं लागतं. १९८५ च्या ॲक्वालँडमध्ये पाण्याची खोली मोजणारा सेन्सर केसच्या कडेला फुगवट्यासारखा बाहेर आलेला दिसतो.

सीकोनेही करामती केल्याच. १९८२ मध्ये त्यांनी टीव्ही दाखवणारं घड्याळ काढलं. पडदा मनगटावर, रिसीव्हर खिशात आणि दोघांना जोडणारी वायर बाहीतून. १९८४ चं आरसी-१००० संगणकाला जोडता यायचं. त्यांचं ए८२९, ज्याची कडा फिरवून काम निवडायचं, नासाच्या अंतराळवीरांच्या मनगटावर दिसायचं. ही तिन्ही घड्याळं मी फक्त फोटोत पाहिली आहेत. हातात येतील तेव्हा येतील.

माझं स्वतःचं मत: सवयीसाठी कॅसिओ, आणि एक तरी सीको मनापासून आवडलेलं.

घेताना आधी काय बघायचं?

पडदा. केसवरचे ओरखडे, तुटलेला पट्टा, पिवळी पडलेली काच हे सगळं नंतर बघता येतं. डिजिटल घड्याळात पडदा आणि मॉड्यूल हेच घड्याळ. बाकी सगळे कपडे.

पडद्याचे आजार चार प्रकारचे, आणि ते वेगळे ओळखता आले की अर्धी लढाई जिंकलीत.

आकड्यांचा एखादा तुकडा दिसतच नाही, म्हणजे ८ चा ६ दिसतो किंवा सोमवारचं अक्षर अर्धं येतं. हा बहुतेकदा बरा होणारा आजार. एलसीडीची काच आणि खालची सर्किटची पट्टी यांच्यामध्ये रबराची एक बारीक पट्टी असते, एक थर वीज नेणारा आणि एक न नेणारा, झेब्र्याच्या पट्ट्यांसारखा. तिचं नावही झेब्रा. तिच्यावर मळ बसला की तेवढे तुकडे गायब होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून जागच्या जागी बसवली की बरेचदा परत येतात. बोट लावायचं नाही, बोटाचं तेल पुन्हा तोच आजार आणतं.

सगळाच पडदा तपकिरी, धुरकट किंवा डागाळलेला, पण आकडे पूर्ण. हा पोलरायझर, म्हणजे काचेवर चिकटवलेली उजेड गाळणारी फिल्म, खराब झाल्याचा आजार. दुरुस्त होतो, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

कोपऱ्यातून शाई सांडल्यासारखा काळा डाग आत शिरलेला. ही काच फुटलेली आहे किंवा तिची कडेची सील सुटलेली आहे. याला औषध नाही. दुसऱ्या घड्याळातला पडदा मिळाला तरच.

आकडे फिके, एका बाजूने दिसतात आणि दुसऱ्या बाजूने नाहीत. आधी नवा सेल घालून बघा. निम्म्या वेळा तेवढंच असतं.

एक सूचना. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या घड्याळाचा पडदा संपूर्ण काळा पडला तर घाबरू नका आणि फेकूनही देऊ नका. ठराविक तापमानाच्या वर एलसीडीतल्या द्रवस्फटिकाची रचना विस्कटते. थंड झाला की आकडे परत येतात. नागपूरच्या मे महिन्यात हा प्रकार कोणालाही दिसेल.

“फक्त सेल संपलाय” असं विकणारा म्हणतो. खरं मानायचं का?

खरंही असेल. पण सेल आपण घेऊन जायचा. माझ्या खिशात बाजारात जाताना एक छोटी डबी असते: सीआर२०१६, सीआर२०२५, एसआर९२७डब्ल्यू, एसआर४३, एक प्लास्टिकचा चिमटा आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर. स्क्रू-ड्रायव्हर जपानी जेआयएस मापाचा हवा. जपानी घड्याळांचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्सपेक्षा किंचित वेगळे कापलेले असतात. साधा ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि चाळीस वर्षं हलला नसलेला स्क्रू डोक्यावरच झिजतो.

झाकण उघडू द्यायला कोणी तयार नसेल तर बंद घड्याळाच्या भावात मागा, चालू घड्याळाच्या नाही.

नवा सेल घातला तरी पडदा कोराच आहे, किंवा भलतेच आकडे दिसताहेत.

नव्वद टक्के लोक इथेच घड्याळ ‘मेलं’ म्हणून बाजूला ठेवतात, आणि माझ्या मते हा या छंदातला सगळ्यात दुःखद गैरसमज आहे. सेल घातल्यावर मॉड्यूलला ‘पहिल्यापासून सुरू कर’ असं सांगावं लागतं. सेलच्या आसपास बघा, पट्टीवर किंवा प्लास्टिकवर बारीक अक्षरांत ‘एसी’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं, आणि शेजारी एक छोटा सोनेरी ठिपका किंवा भोक. धातूच्या चिमट्याचं एक टोक त्या ठिपक्यावर, दुसरं सेलच्या वरच्या बाजूवर. दोन सेकंद. सोडा.

चिमटा टेकवला आणि कोऱ्या पडद्यावर एकदम सगळे ८ उमटले, मग १२:०० आणि सेकंद धावायला लागले, तो क्षण मी आजवर कितीतरी वेळा पाहिलाय. अजूनही श्वास रोखला जातो.

तरीही काही झालं नाही तर सेलचे संपर्क बघा. हिरवट किंवा पांढरी बुरशी दिसली तर सेल कधीतरी फुटून ओघळलाय. कापसाच्या काडीवर थोडंसं व्हिनेगर घेऊन पुसायचं, मग अल्कोहोलने, मग पूर्ण वाळू द्यायचं. तांब्याची रेघच खाल्ली गेली असेल तर मात्र ते मॉड्यूल सुट्या भागांसाठी ठेवा.

कोणता सेल घालायचा? दुकानदार म्हणतो, “साइज तोच आहे, चालेल.”

माप सारखं म्हणून जात सारखी नसते. दोन गोष्टी सांभाळा. पहिली: ३ व्होल्टचे लिथियम सेल, म्हणजे सीआरने सुरू होणारे, आणि १.५५ व्होल्टचे सिल्व्हर ऑक्साइड, म्हणजे एसआरने सुरू होणारे. एकाच्या जागी दुसरा कधीही नाही. दुसरी: सिल्व्हर ऑक्साइडमध्येही शेवटी नुसतं ‘डब्ल्यू’ असलेले आणि ‘एसडब्ल्यू’ असलेले असे दोन प्रकार. दिवा आणि गजर असलेल्या डिजिटलला डब्ल्यू हवा, कारण दिवा लागला की एकदम जास्त वीज ओढली जाते. एसडब्ल्यू काट्यांच्या घड्याळासाठी. तो घातला तर वेळ दिसते, पण दिव्याचं बटण दाबलं की पडदा फिका पडतो.

एसआर४४ च्या जागी एलआर४४ हा स्वस्तातला अल्कलाइन सेल घालण्याची पद्धत सर्रास आहे. तो ओघळतो. मी उघडलेल्या खराब घड्याळांपैकी बऱ्याच घड्याळांत हेच निघालं. दहा-वीस रुपये वाचवायला चाळीस वर्षांचं मॉड्यूल पणाला लावू नका. आणि वर्षभर न चालवायचं घड्याळ असेल तर सेल काढूनच ठेवा.

गजर वाजत नाही. बझर गेला का?

बहुधा नाही. बझरची चकती मागच्या झाकणाला आतून चिकटवलेली असते आणि मॉड्यूलमधून वर येणारी तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी स्प्रिंग तिला टेकते. झाकण उघडताना ती स्प्रिंग उडते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझ्या काकांनी मस्कतहून आणलेलं, गाणं वाजवणारं कॅसिओ आमच्या घरात १९८३ पासून होतं. सकाळी सहाला त्याच्या सुरावर सगळी चाळ उठायची. काही वर्षांपूर्वी सेल बदलायला ते मी एका दुकानात दिलं आणि परत आलं ते मुकं होऊन. विचारलं तर “जुनं झालं साहेब” एवढंच उत्तर. घरी उघडलं, स्प्रिंगची जागा रिकामी. दुसऱ्या बंद घड्याळातली स्प्रिंग काढून बसवली आणि त्या संध्याकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, “अरे, हे भाऊजींचं घड्याळ वाजलं का?” तेव्हापासून मी माझी घड्याळं दुसऱ्या कोणाला उघडू देत नाही. तुम्ही देणार असाल तर समोर उभं राहून करून घ्या, आणि झाकण उघडण्याआधी स्प्रिंगचं सांगा.

पोलरायझर घरी बदलता येतो का?

येतो. टेबल, चांगला उजेड, नवी ब्लेड, पोलरायझरचा एक तुकडा आणि घाई नसलेली दुपार लागते.

एलसीडीच्या काचेवर वरून एक आणि खालून एक अशा दोन फिल्म चिकटवलेल्या असतात. खालच्या फिल्मला चंदेरी पाठ असते. वर्षानुवर्षं दमट हवा लागली की फिल्म कुजते, तपकिरी होते, काही वेळा झाकण उघडताच आंबट, व्हिनेगरसारखा वास येतो. तसा वास आला तर ते घड्याळ इतरांपासून वेगळं ठेवा.

मॉड्यूल बाहेर काढा. धातूची चौकट चारी बाजूंच्या खाचांतून हळूच सोडवा आणि काच उचला. ती बिस्किटासारखी तुटते, म्हणून कडेलाच धरा. ब्लेड काचेवर जवळजवळ आडवी ठेवून वरच्या फिल्मचा एक कोपरा सोडवा. एकदा कोपरा सुटला की चिमट्याने धरून, काचेला लगटून, अगदी सावकाश मागे ओढा. गोंद काचेवर राहील, तो अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने मऊ करून काढा. खरवडू नका.

आता काच परत बसवून सेल घाला. पडदा पूर्ण कोरा दिसेल. आकडे तिथेच आहेत, डोळ्याला दिसत नाहीत इतकंच. नव्या पोलरायझरचा तुकडा वरून धरा आणि गोल फिरवा. एका कोनात पांढऱ्यावर काळे आकडे ठसठशीत उमटतात. तिथून काटकोनात फिरवला की काळ्यावर पांढरे. मूळ घड्याळाचा कोन बहुतेकदा कडेशी ४५ अंशांचा असतो, पण डोळ्याने बघून ठरवलेलं उत्तम. कोन ठरला की पेन्सिलीने खूण करा, किंचित मोठा तुकडा कापा, चिकटवा आणि मग कडा छाटा.

काळ्यावर पांढरे आकडे छान दिसतात म्हणून मुद्दाम तसं करणारे लोक आहेत. मी करत नाही. घड्याळ जसं जन्मलं तसं मला हवं असतं.

मागच्या झाकणावरचे आकडे कसे वाचायचे?

कॅसिओवर चौकटीत एक आकडा असतो, तो मॉड्यूलचा नंबर. एफ-९१डब्ल्यूच्या मागे ५९३ असतो. सुटे भाग शोधताना मॉडेलच्या नावापेक्षा हा नंबर उपयोगी, कारण एकच मॉड्यूल अनेक मॉडेलांत बसवलेलं असतं.

सीकोवर मधे रेघ असलेले चार-चार आकडे असतात. पहिले चार मॉड्यूलचे, पुढचे चार केसचे. शेजारी सहा आकड्यांचा अनुक्रमांक: त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबरला शून्य किंवा ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. म्हणजे ‘२डी’ने सुरू होणारा नंबर १९८२ चा डिसेंबर असू शकतो किंवा १९७२ चा. पण ०६एलसीच १९७३ मध्ये आलं, त्यामुळे इथे दशक ओळखायला अडचण येत नाही.

घड्याळात २०२६ हे वर्ष लावताच येत नाही. वार चुकतो.

२८ वजा करा. दर २८ वर्षांनी वार, तारखा आणि लीप वर्षं जशीच्या तशी परत येतात, म्हणून २०२६ साठी १९९८ लावा, २०२७ साठी १९९९. तेही लागत नसेल तर आणखी २८ मागे जा. पडद्यावर वर्ष चुकीचं दिसेल, वार आणि तारीख मात्र बरोबर. हा हिशोब २१०० च्या फेब्रुवारीपर्यंत चुकणार नाही.

ज्या घड्याळांना वर्षच ठाऊक नसतं, उदाहरणार्थ एफ-९१डब्ल्यू, ती दर फेब्रुवारी २८ चाच धरतात. लीप वर्षी २९ तारखेला हाताने लावा.

एफ-९१डब्ल्यू तर आजही मिळतं. ते जमवण्यासारखं आहे का?

नक्की आहे. १९८९ पासून ते जवळजवळ जसंच्या तसं बनतं आहे. नकलाही याच्याच सगळ्यात जास्त. उजवीकडचं बटण तीन सेकंद दाबून धरा: पडद्यावर कॅसिओचं नाव उमटायला हवं. एवढ्यावर न थांबता काचेवरच्या अक्षरांची छपाई, झाकणावरचं कोरीवकाम आणि दिव्याचा उजेड बघा. अस्सल घड्याळाचा दिवा मिणमिणता आणि एका बाजूने येतो. लखलखीत निळा उजेड पडला तर समजून घ्या.

जुनं जी-शॉक घ्यावं का?

पहिलं जी-शॉक म्हणजे कॅसिओचं डीडब्ल्यू-५०००सी, एप्रिल १९८३. वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटल्यावर किकुओ इबे या अभियंत्याने ठरवलं, की न फुटणारं घड्याळ करायचं. दहा मीटरवरून पडलं तरी टिकावं, दहा बार पाण्याचा दाब सोसावा, सेल दहा वर्षं चालावा. दोनशेहून जास्त नमुने संडासाच्या खिडकीतून खाली टाकून बघितले. शेवटी उपाय सुचला तो बागेत चेंडू उडवणाऱ्या मुलीकडे बघताना: चेंडूच्या आत तरंगत असल्यासारखं मॉड्यूल केसमध्ये जेमतेम टेकवून ठेवायचं.

गोष्ट लाखमोलाची आहे. पण त्या घड्याळाचं बाहेरचं पॉलियुरेथेनचं कवच दमट हवेत आतून तुटत जातं, आधी चिकट होतं, मग बोटांत भुगा होतो. चाळीस वर्षांचं मूळ कवच शाबूत असलेलं जी-शॉक म्हणूनच महाग. मॉड्यूल आणि स्टीलची केस चांगली असेल तर कवच नसलेलंही घ्या, पण पैसे त्याच हिशोबाने द्या.

आपल्या हवेत ही घड्याळं कशी ठेवायची?

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हाच खरा शत्रू. रत्नागिरीच्या एका घरात कपाटातल्या पितळी डब्यात ठेवलेली तीन घड्याळं मला बघायला मिळाली. तिघांचे पट्टे एकमेकांना चिकटून एक झाले होते. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत त्याच वयाचे पट्टे बरे निघतात.

पट्टे एकमेकांना टेकू देऊ नका. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर महिन्याला बदला. मागच्या झाकणाची रबरी रिंग वाळली असेल तर सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा, तुटली असेल तर नवी घाला. आणि झाकणावर ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलंय म्हणून चाळीस वर्षांचं घड्याळ घालून पोहायला जाऊ नका.

ओरखडे पॉलिश करू का?

प्लास्टिकची काच खुशाल करा, पॉलिशची पेस्ट आणि मऊ कापड पुरे. केसला हात लावण्याआधी थांबा. चंदेरी दिसणाऱ्या बऱ्याच केस प्लास्टिकवर किंवा साध्या धातूवर क्रोमचा मुलामा दिलेल्या असतात. घासलं की मुलामा जातो आणि तो परत येत नाही.

मिळतात कुठे?

घरात. हे मी मनापासून सांगतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. एचएमटीचं घड्याळ, तेही १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने सुरू झालेल्या कारखान्यातलं, हीच बहुतेकांची निवड. जपानी डिजिटल यायचं ते आखातात नोकरीला असलेल्या मामा-काकांच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईत मनीष मार्केट आणि मुसाफिरखान्याच्या गल्ल्यांतून. त्यातली कितीतरी आजही शिवणाच्या डब्यात, देवघराच्या खणात, जुन्या पाकिटात पडून आहेत. आधी नातेवाइकांना विचारा.

मग बाजार. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोर बाजारात शुक्रवारी सकाळी लवकर जा. भंगाराच्या ढिगात हात घालायची तयारी ठेवा.

जपानमधल्या लिलावाच्या संकेतस्थळांवरून मध्यस्थामार्फत मागवता येतं, तिथे निवड अफाट आहे. चार शब्द ओळखीचे करून घ्या. ‘जंक’ म्हणजे कसलीही हमी नाही आणि परत घेणार नाही. ‘गेंजोउ-हिन’ म्हणजे आहे त्या स्थितीत. ‘देंची-गिरे’ म्हणजे सेल संपलेला, अर्थात चालू आहे की नाही हे तपासलेलं नाही. ‘एकी-मोरे’ म्हणजे ओघळलेलं, आणि ते सेलबद्दल आहे की पडद्याबद्दल हे फोटो मोठा करून बघायचं. जंकमधून मी चांगली घड्याळं मिळवली आहेत, पण कुरिअर, मध्यस्थाचे पैसे आणि सीमाशुल्क धरून हिशोब केल्याशिवाय बोली लावत नाही.

रोज वापरलं तर चालेल का?

चालेल. वापरातल्या घड्याळाचा सेल वेळेवर बदलला जातो, बटणं अडकत नाहीत, घाम पुसला जातो. मी आठवड्याला एक असं फिरवतो. काकांचं कॅसिओ मात्र मनगटावर घालत नाही, त्याचा पट्टा आता दुसरा मिळणार नाही. ते स्वयंपाकघरातल्या फळीवर हळदीच्या डब्याशेजारी असतं. गजर सहाचाच लावलेला आहे.